साडेचार बोटं

रात्रीचा एक. धुळ्यात, देवपूरच्या खोलीत
माझ्यापुढे अठराशे बाहत्तरचा करार कायदा उघडा,
आणि कलम तेरा:
एकच गोष्ट दोघांनी एकाच अर्थानं कबूल करणं
म्हणजे संमती.
क्लासचे सर सांगतात, पाठ करा, हमखास येतं.
मला ते पाठ होत नाही. मला ते
रुमालाखाली दिसतं.

पारोळ्याचा बैलबाजार. माझा बाप उखर्डू, दलाल.
भाव तोंडानं बोलायचा नाही, ही तिथली रीत.
खांद्यावरचा रुमाल दोन हातांवर पडतो,
आत बोटं धरली जातात,
एक बोट दहा हजार, अख्खा पंजा पन्नास.
बाहेर दोन्ही चेहरे असे,
जणू पाहुण्यांची खुशाली चाललीय.
प्रस्ताव मुका, स्वीकार मुका.
कागद नाही, स्टॅम्प नाही,
तरी कलम दहा म्हणतं, चालेल.

बापाची तर्जनी कडबाकुट्टीनं अर्धी नेलेली.
बाजाराला ठाऊक. अर्धं बोट पुरं धरायचं,
हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, सगळे पाळत.
पण झोडग्याचा सुकलाल पहिल्यांदाच आलेला.
त्यानं पंजा धरला. बापानं धुडकू तात्याला मान हलवली.
पाचशे इसार दिला, जोडी रात्रभर सुकलालच्या दाव्याला.
सकाळी त्यानं नोटा मोजल्या: पंचेचाळीस हजार.
"अर्धं बोट मी अर्धंच धरलं."
आणि तो खोटं बोलत नव्हता,
हीच तर पंचाईत.

माणसं जमली. कुणी म्हणे बाजाराचा रिवाज बघा,
कुणी म्हणे मधलं काढा, साडेसत्तेचाळीस,
ज्या आकड्याला दोघांपैकी
कुणीच कधी हो म्हटलं नव्हतं.
बाप खाली बसला. वहाणेतला खडा काढला.
म्हणाला, "हाऊ सौदा व्हयनाच नही."
मोडला नाही. झालाच नाही.
हा फरक कळायला मला तीन वर्षं
आणि दोन एटीकेटी लागल्या.

इसार परत गेला. जोडी परत आली.
मग सुकलाल म्हणाला, रात्री बैलांनी
माझी चार किलो सरकी ढेप खाल्ली, तिचं काय?
धुडकू तात्या हसला. बाप हसला नाही.
फुकट म्हणून घातली नव्हती ना त्यानं?
मग भर.
कलम सत्तरच्या समासात मी पेन्सिलीनं
एवढंच लिहिलंय: ढेप.

कलम पंचवीस मात्र मला आवडत नाही.
मोबदल्याशिवायचा करार रद्दबातल.
अपवाद, जवळच्या नात्यातलं नैसर्गिक प्रेम,
पण ते लेखी हवं, आणि नोंदणी केलेलं.
बापानं मला काळा कोट कबूल केलाय,
जेवता जेवता, भाकर मोडताना.
लेखी नाही. साक्षीला आई होती,
पण ती पाणी आणायला उठली होती.
दावा टिकणार नाही.
कोट मात्र शिंप्याकडे पडलाय,
माप माझं नव्हे, बहिणीचं घेऊन.

परवा गावी गेले, तर ओट्यावर बापानं विचारलं,
"पास होवाले कितला मार्क लागतंस व?"
बाजूला चुलते, त्यांची सून, दोन शेजारी.
मी त्याच्या खांद्यावरचा रुमाल ओढला,
दोघांच्या हातांवर टाकला
आणि त्याचा पंजा धरला, चार पुरी बोटं
आणि ते खुंट झालेलं, कातडी ताठ, थंड.

शंभरात पंचेचाळीस लागतात.
मी खरंच तेवढे धरले.
त्यानं मान हलवली, जशी तात्याला हलवली होती,
आणि चुलत्याकडं बघून म्हणाला, "पन्नास."

मी दुरुस्त केलं नाही.
नुसतं गप्प राहणं म्हणजे कपट नव्हे:
कलम सतरा, स्पष्टीकरण.
पुढं "परंतु" आहे, दोन ओळींचा.
तो उद्या वाचेन.